तीन नंबरचं सुजलेलं पान

९ मार्च, सोमवार

यून बाईंनी आज दोन वह्या दिल्या. एक पुरली नाही तर दुसरी असावी म्हणून. दुसरी मी माझ्यासाठी ठेवून घेतली आहे आणि ती त्यांना दाखवायची नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो.

यून बाई म्हणजे तिशीतली पोर. सोलहून स्टिअरिंग तपासायचं यंत्र घेऊन आली आहे आणि तीन महिने आमच्या उरावर बसणार आहे. कंपनीच्या नऊच्या नऊ छोट्या बसगाड्यांच्या स्टिअरिंगच्या दांड्याला तिने एकेक कडं बसवलं. चालक चाकावर जोर किती लावतो आणि वळण संपल्यावर चाक आपसूक किती लवकर सरळ होतं, ते हे कडं टिपून ठेवतं. त्यावरून आत कुठे झीज आहे, कुठे घासतंय, हे गाडी न उघडता सांगणार म्हणे. "रोज तुमच्या हाताला काय जाणवलं ते तुम्ही लिहा, मिस्त्रीकाका. मग दोन्ही ताडून बघू," असं ती म्हणाली.

चौतीस वर्षं या गाड्यांची स्टिअरिंगं मी उघडतोय. तेल जड झालंय, सांध्यातली गोळी झिजलीय की दात एकमेकांना घासतायत, चाक अर्धं फिरवलं की मला कळतं. आता ते लिहून एका कड्याला शिकवायचं.

मालकांनी वर बोलावलं होतं. जूनमध्ये ते ठरवणार. यंत्राला जे कळतं ते मला कळत नसेल, तर आमचं वर्कशॉप बंद आणि गाड्या पुलाखालच्या मोठ्या गॅरेजला. "वाईट वाटून घेऊ नका, प्यो मिस्त्री," म्हणाले. मी नाही म्हटलं, आणि जिना उतरेपर्यंत वाटून घेतलं.

११ मार्च, बुधवार

यंत्र पडद्यावर झाडाचं असतं तसं पान काढतं. चाक वळताना एक रेघ, परत येताना दुसरी, आणि मध्ये जी जागा उरते ते घर्षण. स्टिअरिंग धडधाकट असेल तर पान सडपातळ. आत काही घासत असेल तर पानाचं पोट सुजतं. झीज होऊन चाक ढिलं झालं असेल तर पान मध्येच सपाट होतं. यून बाईंनी हे मला तीन वेळा समजावलं. पहिल्याच वेळी कळलं होतं, पण तिचा उत्साह बघून गप्प राहिलो.

सात नंबरचं पान मध्ये सपाट निघालं. मी सकाळीच वहीत लिहिलं होतं, सातच्या डाव्या सांध्यात ढिलाई आहे. बाईंनी माझी वही बघितली, पडदा बघितला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

पण तीन नंबरचं पान सुजलेलं निघालं. मला तीनमध्ये काहीच जाणवलं नव्हतं. तीन ही बेक दादाची गाडी. दादाची गाडी म्हणजे मी इतरांपेक्षा दोनदा तपासतो. उद्या उघडतो.

१२ मार्च, गुरुवार

उघडली. काही नाही. पंप ठीक, तेल स्वच्छ, दात नव्यासारखे.

१५ मार्च, रविवार

आमची ही नातवाला सांभाळायला सोलला गेली आहे, तेव्हापासून माझं रविवारचं जेवण बेक दादाकडे. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. बंदरात नुसता भटकत होतो तेव्हा हाताला धरून मला या कंपनीत त्यानेच चिकटवलं. त्याला मूलबाळ नाही. माझ्या लग्नात बापाच्या जागी तोच बसला होता.

वहिनींनी आज मॅकरेलचं कालवण केलं होतं, मुळा घालून. वहिनी तरुणपणी गोदीत जहाजांचा गंज हातोडीने काढायच्या. त्या ठणठणाटात कान गेले. त्यामुळे त्या घरात गुपित असं काही बोलताच येत नाही, शेजारीपाजारी सगळे ऐकतात. हल्ली त्या दादाचे फार लाड करतात. मासा निवडून त्याच्या भातावर ठेवतात आणि तो चमच्याने खातो, लहान मुलासारखा. जेवायच्या काड्या शेजारी तशाच पडलेल्या. मी म्हटलं, वहिनी, आता लाळेरंही बांधा. त्या हसल्या नाहीत. ऐकू गेलं नसावं.

एक गोष्ट मात्र मला लागली. मी सोजू दारू ओतली तर दादाने ग्लास दोन्ही हातांनी धरला. धाकट्याने मोठ्यासमोर दोन्ही हात लावायचे आणि मोठ्याने एका हाताने घ्यायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. चौतीस वर्षं दादा माझ्याकडून एका हाताने घेत आलाय, तेही माझ्याकडे न बघता. मी विचारलं, हे काय नवीन?

"आजोबा झालास ना तू," दादा म्हणाला. "मान नको द्यायला?"

मी हसलो, पण घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. माझं वर्कशॉप जाणार हे त्याला कळलंय आणि तो आतापासूनच मला पाहुण्यासारखं वागवतोय, असं वाटतंय. दादाने टोमणे मारावेत, डोक्यात टपली मारावी. मान कशाला?

१७ मार्च, मंगळवार

तीन पुन्हा उघडली. तेल बदललं, सांधे बदलले. जुने सांधे यून बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि म्हटलं, यात दोष दाखव. तिने मोजायचं कॅलिपर लावून प्रामाणिकपणे सांगितलं, नाही सापडत.

मग विचारलं, "मिस्त्रीकाका, दुपारी ही गाडी कोण चालवतं?"

मी सांगितलं की ज्याची पाळी असेल तो. सकाळच्या फेऱ्या दादाच्या आणि दुपारनंतर कोणीही. पण गाडीला त्याने काय फरक पडतो, लोखंडाला माणूस ओळखता येत नाही. ती पडद्याकडे बघत राहिली. हुशार आहे, पण प्रश्न कधीकधी भलतेच विचारते.

२० मार्च, शुक्रवार

वहिनी रोज सकाळी पहिल्या फेरीला दादाच्या गाडीत बसतात, असं मला आज पाच नंबरच्या चालकाने सांगितलं. दाराशेजारच्या पहिल्या सीटवर. बाजारात उतरत नाहीत, दवाखान्यापाशी उतरत नाहीत. डोंगरावरच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जातात आणि त्याच गाडीने खाली येतात. एवढी वर्षं संसार करून या वयात हे चाळे! मी दादाला छेडलं. तो म्हणाला, म्हातारीला समुद्र बघायचा असतो. तिच्या स्वयंपाकघरातून समुद्रच दिसतो, हे मी त्याला सांगितलं नाही.

आमची ही एकदासुद्धा माझ्याबरोबर टायर बघायला आली नाही. फोनवर हे तिला सांगितलं, तर म्हणाली, वहिनी एवढं बसतात म्हणजे दादांची तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, ठणठणीत आहे, कालच त्याने मला म्हातारा म्हटलं.

२६ मार्च, गुरुवार

आज तीनचा आरसा गेला. सार्वजनिक स्नानघराच्या वळणावर भिंतीला घासून. गाडीत अकरा माणसं, बहुतेक म्हाताऱ्या. कुणाला खरचटलंही नाही, पण एका आजींच्या पिशवीतली अंडी फुटली आणि त्यांनी पुढच्या दोन थांब्यांपर्यंत दादाच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

दादा म्हणाला, धुकं होतं. समुद्रावरून धुकं चढलं होतं हे खरं. पण सत्तावीस वर्षं तो त्या वळणावरून जातोय. डोळे मिटून नेईल. म्हणजे गाडीतच काहीतरी आहे आणि मला ते सापडत नाही. अकरा माणसं. माझ्या हाताखालून गेलेली गाडी.

संध्याकाळी सगळा राग यून बाईंवर काढला. म्हटलं, तुझ्या कड्यानेच चाक अडतंय, त्याआधी दादाने कधी आरसा घालवला नव्हता. तिने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली की कडं नऊही गाड्यांना आहे. उत्तर बिनतोड होतं, म्हणून अजून राग आला. आता वाटतंय की पोरीला उगाच बोललो. उद्या फिशकेक घेऊन जाईन, कोपऱ्यावरच्या गाडीवरचे, तिला आवडतात.

२७ मार्च, शुक्रवार

फिशकेक नेले. तिने पाच खाल्ले. राग नव्हता. खाताखाता पुन्हा म्हणाली, "काका, सकाळची आणि दुपारची पानं शेजारी ठेवून तुम्ही एकदा स्वतः बघा. मी सांगण्यापेक्षा तुम्ही बघितलेलं बरं." मी म्हटलं, सवड मिळाली की बघतो.

३१ मार्च, मंगळवार

सापडलं. जीव भांड्यात पडला.

पहाटे पहिल्या फेरीआधी तीन नंबर मी स्वतः चालवली, खालपासून वरपर्यंत, सगळी वळणं घेत. पान काय आलं? सडपातळ, नव्या गाडीसारखं. लगेच मागून दादाची फेरी झाली. तीच गाडी, तेच रस्ते, पाऊण तासाच्या आत. पान सुजलेलं.

याचा अर्थ उघड आहे. यंत्र खुळं आहे. एकाच गाडीला पाऊण तासात निरोगीही म्हणतं आणि आजारीही. मालकांसमोर ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवली की खेळ खलास. वर्कशॉप वाचलं. सोमवारी दहाची वेळ मागून घेतली आहे. मालकांच्या सेक्रेटरीला सांगितलं की दोन कागद आणतो, पाच मिनिटांचं काम आहे.

यून बाईंना सांगितलं तर तिचा चेहराच पडला. साहजिक आहे, तीन आठवड्यांची मेहनत. तिने विचारलं, दुसऱ्या कागदावर चालकाचं नाव असतं, ते मालकांना दिसेल, चालेल ना? मी म्हटलं, दिसू दे की, लपवायचं काय आहे? उलट दादासारखा चालक असून यंत्र चुकतंय म्हटल्यावर मालकांना पटकन पटेल.

"रविवारी भेटणार ना त्यांना?" ती म्हणाली. "आधी त्यांना सांगा."

सांगणारच आहे. त्याच्याइतका आनंद दुसऱ्या कुणाला होणार?

५ एप्रिल, रविवार

आजचा दिवस विचित्र गेला.

दादाला सगळं सांगितलं. जेवण राहिलं बाजूला, ताटल्या सारून मी दोन्ही कागद चटईवर पसरले. हे माझं पान, हे तुझं पान. उद्या दहा वाजता मालकांच्या पुढ्यात. दादा बराच वेळ स्वतःच्या पानाकडे बघत होता. मग विचारलं, हे पोट म्हणजे काय? मी सांगितलं, चाक परत येताना काहीतरी त्याला धरून ठेवतंय असं यंत्राला वाटतं. वहिनींना ऐकू आलं नसणार, तरी त्या उठून मोरीपाशी गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या.

"तुझं वर्कशॉप राहील का याने?" दादाने विचारलं.

"नक्की राहील."

"मग दाखव."

मी खुशीत होतो. बाटली उघडली आणि म्हटलं, आज तू एका हाताने घ्यायचास. दोन हात लावलेस तर ओतणार नाही. मी तुझा धाकटा आहे आणि मरेपर्यंत धाकटाच राहणार, तो मान बिन तुझ्यापाशी ठेव. दादा नको म्हणाला. मी हट्टाला पेटलो. शेवटी त्याने उजवा हात पुढे केला. मी ओतलं आणि ग्लास सुटला. चटई भिजली, त्याचं पान भिजलं.

ग्लास ओला असावा. वहिनींनी नुकताच धुतला होता.

दादा हसला नाही, रागावलाही नाही. वहिनी फडकं घेऊन आल्या, चटई पुसली, मग त्याचा उजवा हात उचलून मांडीवर घेतला आणि तोही पुसत बसल्या. बोटं एकेक करून. मी दुसरीकडे बघितलं. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "भावजी, तुमच्या मनाला पटेल तेच करा. आमचं काही नाही."

आमचं काही नाही म्हणजे काय?

६ एप्रिल, सोमवार

क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिता येणार नाही.

आठ वाजता वर्कशॉपमध्ये आलो. दादाचं पान भिजून सुरकुतलं होतं, म्हणून यून बाईंकडे नवीन मागितलं. तिने एकाऐवजी महिन्याभराची सगळी पानं काढून दिली, सकाळची एका गठ्ठ्यात, दुपारची दुसऱ्या. चहा घेत मी ती चाळली. दुपारची सगळी सडपातळ, मग चालक कोणी का असेना. सकाळची सगळी सुजलेली. आणि सूज नेहमी एकाच बाजूला, चाक उजव्या वळणावरून सरळ होताना. पहिल्या फेरीला जास्त, दहा वाजेपर्यंत थोडी उतरलेली.

तेल गार असतं तर दोन्ही बाजूंना सुजली असती. दात घासत असते तर दुपारीही घासले असते. मी गाडीचे सगळे भाग मनातल्या मनात उघडले. पंप, नळी, दांडा, सांधे, चाक. चाकापर्यंत आलो आणि गाडी संपली. चाकाच्या पुढे फक्त हात होता.

चाक परत येताना दादाचा उजवा हात त्यावरून घसरत नव्हता. लटकला होता. मनगट अडकवून, डाव्या हाताने ओढत.

मग सगळं आठवायला लागलं. तो चमचा. काड्या. वहिनी पहिल्या सीटवर. जानेवारीत दादाने तीन नंबर मागून घेतली होती, कारण आमच्या ताफ्यात आपोआप गिअर पडणारी तेवढी एकच गाडी. जन्मभर त्या गाडीला तो बायकी म्हणायचा. मी त्याला किती चिडवलं होतं. दोन्ही हातांनी धरलेला ग्लास. मान देतोय म्हणून मी रुसलो होतो आणि त्याला एका हाताने ग्लास धरताच येत नव्हता. तरी काल मी त्याला धरायला लावला.

चौतीस वर्षं लोखंडातली झीज शोधणारा मी. मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. मागच्या बाजूला, हात धुवायच्या नळापाशी जाऊन रडलो, तिथे कोणी येत नाही.

परत आलो तर यून बाई उभी होती. तिला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "मला गाडी तपासायला पाठवलंय, काका. माणसाचं नाव कागदावर लिहिलं की त्याची नोकरी जाते. तुम्ही बघाल असं वाटलं होतं. आरसा गेला त्या दिवशी मात्र मला झोप लागली नाही. आज तुम्ही नसतं बघितलं तर मी मालकांना सांगणार होते." मला तिचा राग आला नाही. अकरा माणसं होती गाडीत. माझंही चुकलं, तिचंही थोडं चुकलं, आणि दैवाने नुसत्या अंड्यांवर भागवलं.

साडेनऊला दादाची फेरी संपली. गाडी आत आली तशी मी किल्ली काढून खिशात टाकली. त्याला म्हटलं, घरी जा. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि काही न विचारता उतरला.

दहा वाजता मालकांपुढे दोन कागद न्यायचे होते. एकच नेला, त्यावरचं नाव कापून.

"यंत्र बरोबर आहे," मी म्हटलं. "तीनमध्ये घर्षण आहे. महिनाभर आहे. माझ्या हाताला कळलं नाही."

मालकांनी चष्मा काढला. त्यांना मी भांडायला येईन असं वाटलं असावं. विचारलं, सापडलं का कुठे आहे? सापडलंय म्हटलं, पण पूर्ण उघडावी लागेल, दोन महिने तरी गाडी उभी राहील. आमच्याकडे राखीव गाडी नाही. गाडी उभी राहिली की तिचा चालक साठलेल्या रजेवर जातो, हा जुना नियम आहे. चाकावर बसल्यापासून सत्तावीस वर्षांत दादाने रजा घेतली ती फक्त आई गेली तेव्हा.

मालक म्हणाले, "मिस्त्री, मग जूनचं मला आताच ठरवल्यासारखं आहे." मी म्हटलं, हो.

यून बाई शेजारी उभी होती. तिने तोंड उघडलं नाही. बाहेर आल्यावर मात्र अट घातली. दादा पुन्हा माणसं घेऊन चालवणार असेल, तर आधी रिकामी गाडी चालवून तिला पान दाखवायचं. पान सुजलेलं निघालं, तर ती सगळं सांगणार, नावासकट. मी कबूल केलं. तिने सांगितलं नाही तर मीच सांगेन.

९ एप्रिल, गुरुवार

दादा आज तरातरा वर्कशॉपमध्ये आला. मी तीनच्या खाली खड्ड्यात होतो. तो वरून ओरडला, की मालकांना काय सांगितलंस ते कळलं मला. चांगली गाडी उभी केलीस, स्वतःची अब्रू घालवलीस, कोणी सांगितलं होतं? मी म्हटलं, खाली ये आणि बोल. दादा आला, एका हाताने शिडी धरून.

मी विचारलं, केव्हापासून? नोव्हेंबर. आधी करंगळी बधिर झाली, मग तळहात. दवाखान्यात का नाही गेलास? तो म्हणाला, गेलो असतो तर डॉक्टरने कागद दिला असता. कागद दिला की कंपनीला दाखवावा लागतो. मग वरच्या आळीतल्या म्हाताऱ्यांना खाली कोण आणणार? नवीन पोरं त्यांच्यासाठी थांबत नाहीत.

"आणि त्यांच्यासकट दरीत गेला असतास तर?"

वरून तेलाचा थेंब त्याच्या टोपीवर पडला. मी चौतीस वर्षांत दादावर आवाज चढवला नव्हता, आज चढवला. म्हटलं, माझ्याशी खोटं बोललास. मान देतोय म्हणालास. मी महिनाभर झुरलो की दादाने मला परकं केलं.

"तुला कळलं असतं तर तू मला गाडीवरून उतरवलं असतंस," दादा म्हणाला.

"उतरवलंच ना."

त्यावर तो हसला, नोव्हेंबरपासून पहिल्यांदा नीट हसला असेल. मग खड्ड्याच्या भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला की भीती वाटते. हाताची नाही, घरी बसायची. मी त्याच्या शेजारी बसलो. त्याचा हात घेऊन तपासला, जसा सांधा तपासतो तसा. गार होता. अंगठ्याच्या मुळाशी मांस झडलं होतं.

उद्या तिघं दवाखान्यात जातोय. वहिनींना डॉक्टरचं ऐकू येणार नाही आणि दादाला ऐकायचं नाही, म्हणून मी.

२३ एप्रिल, गुरुवार

मानेच्या मणक्यात नस दबली होती. काल शस्त्रक्रिया झाली. आणखी दोन महिने गेले असते तर हात गेलाच असता, असं डॉक्टर म्हणाले. पूर्वीसारखा होईल का ते आत्ता सांगता येत नाही. दादा गळ्याला पट्टा लावून पडलाय आणि परिचारिकेला गाडी कशी चालवतात ते शिकवतोय.

इकडे मी तीन नंबर पूर्ण उघडली आहे. प्रत्येक भाग काढतो, धुतो, पुसतो, लावतो. मालकांना सांगितलेलं खोटं अर्धंच राहावं एवढ्यासाठी. कोरियाभर शोधलं तरी एवढं स्वच्छ स्टिअरिंग सापडायचं नाही.

१२ जून, शुक्रवार

मालकांनी ठरवलं. जुलैपासून स्टिअरिंगची कामं पुलाखालच्या गॅरेजला. माझ्याकडे टायर, ब्रेक आणि तेल. मी तयार होतो, तरी कपाटातला पकडींचा संच आवरताना प्रत्येक पकड दोनदा पुसली. लिहून ठेवतो, कारण फोनवर बायकोला म्हटलं की काही वाटलं नाही. तिने विश्वास ठेवला नाही.

यून बाईंना त्यांची वही दिली. तीन नंबरच्या खाली सहा एप्रिलला मी लिहिलंय, हाताला काही जाणवलं नाही, उशिरा जाणवलं. तिने वाचून वही बंद केली. तिच्या अहवालात काय आहे तेही मला दाखवलं. गाडी आणि चालक यांची सूज वेगळी ओळखायला यंत्राला अजून शिकावं लागेल, असं लिहिलं आहे. नाव कुठेच नाही. परवा ती जातेय. तिला सहा फिशकेक बांधून दिले.

१४ जून, रविवार

सकाळी गोदीच्या मोकळ्या जागेत तीन नंबर नेली. गाडीत आम्ही चौघंच. दादा चाकावर, वहिनी पहिल्या सीटवर, मी आणि यून बाई मागे पडदा घेऊन. दादाने आठ वेळा उजवं वळण घेतलं. पहिली तीन पानं सुजलेली. चौथ्यापासून सूज निम्म्यावर आली. सडपातळ नाही झालं. यून बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. अजून माणसं घेऊन नाही. दादाला तसं सांगितलं. त्याला राग येईल वाटलं होतं, पण तो चाकावर हात फिरवत म्हणाला, गाडी लोण्यासारखी झालीय रे. शरद ऋतूत पुन्हा बघू. तेव्हाही नाही झालं तर तो स्वतः जाऊन मालकांना सांगणार आहे. मी बरोबर जाईन.

दुपारी जेवायला त्याच्याकडेच. यून बाईही आली, संध्याकाळच्या गाडीआधी. वहिनींनी तिला इतकं वाढलं की पोरीला उठता येईना. दादा चमच्यानेच जेवला. काड्या शेजारी होत्या. एक मुळ्याची फोड त्याने काड्यांनी उचलायचा प्रयत्न केला, पडली, वहिनींनी ती उचलून स्वतःच्या तोंडात टाकली.

मग दादाने बाटली घेतली. म्हणाला, आज मी ओततो, ग्लास धर. बाटली त्याच्या उजव्या हातात, एकाच हातात. डावा हात त्याने मुद्दाम मांडीखाली घातला. बाटलीचं तोंड माझ्या ग्लासाच्या कडेवर टकटक वाजत होतं. थोडी बाहेर सांडली, थोडी आत पडली. वहिनी बघत होत्या, पुढे सरल्या नाहीत. मी दोन्ही हातांनी ग्लास धरला होता, धाकट्याने धरावा तसा, आणि तो भरेपर्यंत धरून ठेवला. बराच वेळ लागला.